धरणाकाठी दीडशे लिटर समुद्र

भाटघरला दोन माणसे रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न पाण्याचा असतो. 'किती झालं?' एवढेच विचारायचे. जुलैत त्याचा अर्थ धरण किती भरले आणि मे महिन्यात किती उतरले. येसाजी कंक जलाशय हे त्याचे आजचे नाव. आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडी मात्र ते लॉइड धरणच राहिले. वेळवंडी नदीवरचे हे दगडी धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले आणि सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी पोटात साठवून ते नीरेच्या कालव्यांवरची शेती आजही भिजवते आहे. बँकेतली नोकरी संपवून मी इथे कायमचा राहायला आलो आणि चारचौघांसारखा रोज सकाळी 'किती झालं' विचारू लागलो.

गेली दोन वर्षे मात्र हा प्रश्न आमच्या घरात आणखी एका पाण्याबद्दल विचारला जातो. ते पाणी बैठकीच्या खोलीत, जुन्या शिसवी कपाटाशेजारी, काचेच्या टाकीत आहे. जेमतेम दीडशे लिटर, पण खारे. समुद्र आमच्यापासून वरंध घाट उतरून महाडच्याही पलीकडे. त्याचा एवढासा तुकडा इकडे सह्याद्रीच्या कुशीत येऊन राहिला, त्याची ही हकीकत.

धाकटा मुलगा कोथरूडला राहत होता. त्याला कंपनीने दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले. फ्लॅट भाड्याने गेला, गाडी विकली, सामान मित्राच्या गाळ्यात पडले. उरली ती टाकी. एका रविवारी तो आला, जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "बाबा, एवढं सांभाळाल? मासे मी देऊन टाकलेत. फक्त सात मश्रूम आहेत. काही करावं लागत नाही."

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला 'काही करावं लागत नाही' या वाक्याची धास्ती वाटते. ज्या खात्यात काही करावे लागत नाही म्हणतात, तपासणीत नेमके तेच उलगडत नाही. पण मुलगा ठेव ठेवायला आला होता आणि ठेव नाकारायची सवय मला नव्हती.

पुढच्या रविवारी टेंपो आला. टाकीचे निम्मे पाणी पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या कॅनमध्ये, खडक ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले आणि सात मश्रूम थर्मोकोलच्या खोक्यात, पाण्याच्या पिशव्यांत. कात्रजपासून कापूरहोळपर्यंत मुलगा ते खोके मांडीवर घेऊन बसला होता. मला तेव्हा मुंबईची एक बातमी आठवली. किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळे भरावाखाली जाणार होती. २०२० च्या अखेरीस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ती खडकांवरून अलगद सोडवून कुलाब्याला नेव्हीनगरच्या किनाऱ्याजवळ नेऊन बसवण्यात आली. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहे हेच अनेक मुंबईकरांना त्या बातमीने कळले. जीव हलवता येतो, पण सावकाश आणि ज्याला माहिती आहे त्याच्या हाताने, एवढे त्यातून माझ्या ध्यानात राहिले होते.

मश्रूम खडकांवर मांडून झाले तेव्हा आमच्या सौभाग्यवती चष्मा पुसत टाकीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, या तर अळंब्या!" मृगाच्या सरी पडल्या की आमच्या बाजूच्या डोंगरांत उगवतात त्या अळंब्या. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचे नाव अळंब्याच पडले.

दिसायला त्या अळंब्याच. आखूड देठ आणि वर बशीएवढी पसरट छत्री. कुणाची विटकरी, कुणाची निळसर, एकीवर हिरवे ठिपके. पण ही ना वनस्पती, ना बुरशी. हा प्राणी आहे. छत्रीच्या मधोमध त्याचे तोंड. अन्न तिथूनच आत जाते आणि नको ते तिथूनच बाहेर पडते. दगडी प्रवाळ आपल्या अंगाखाली चुनखडीचे घर बांधते आणि अशा कोट्यवधी घरांची मिळून प्रवाळभिंत होते. मश्रूम कोरल त्याच कुळाचे जवळचे नातलग, पण घर न बांधणारे. चुलतभाऊ वाडे बांधतात आणि हे मोकळ्या अंगाने खडकाला धरून राहतात. एक खुलासा इथेच करतो. 'फंजिया' नावाचे एक दगडी प्रवाळही अळंबीसारखे दिसते आणि त्यालाही मश्रूम कोरल म्हणतात. ते निराळे. मी सांगतो आहे ते मांसल.

या प्राण्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. उजेडाच्या जोरावर ते साखर तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा देतो आणि आपल्या अंगातला टाकाऊ माल खत म्हणून पुरवतो. पुण्याच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला घरमालक आणि भाडेकरू इतक्या गुण्यागोविंदाने राहतात यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो, पण आहे खरे.

मुलाने जाताना एक वही दिली होती. खारेपणा, तापमान, नायट्रेट, क्षारता असे रकाने. खारेपणा लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या आसपास. तापमान पंचवीस-सव्वीस अंश. दिवे आठ तास. आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचे, म्हणजे सुमारे अर्धा किलो मीठ. हे मीठ स्वयंपाकाचे नव्हे, समुद्रातले सगळे क्षार मिसळलेले, खास टाकीसाठी बनवलेले. वही पाहून मला बरे वाटले. रोजचा ताळा लावायचा, त्यात काय एवढे!

आणि पहिल्या तीन महिन्यांत मी तीन चुका केल्या. तिन्ही आळसाने नव्हे, उत्साहाने.

पहिली चूक दिव्याची. पाहुणे येत, टाकी पाहत, आणि 'जरा अंधारच वाटतो' म्हणत. मी दिव्याचा जोर वाढवला आणि आठाचे बारा तास केले. आठवडाभरात अळंब्या बशीच्या बटणाएवढ्या झाल्या, रंग उतरला. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, त्यांना सावली लागते." सूर्याखाली उघड्यावर राहणारी प्रवाळे निराळी. मश्रूम बहुधा आडोशाला, मंद उजेडात आणि संथ प्रवाहात सुखी असतात. उजेड फार झाला की ती आकसतात. फार कमी झाला की देठ लांबवून दिव्याकडे मान करतात. म्हणजे काय हवे ते ती सांगत असतात, आपण पाहुण्यांचे ऐकतो.

रंग उतरतो तेव्हा आतले भाडेकरू घर सोडून चाललेले असतात. टाकीत हे दिव्याने होते, समुद्रात मुख्यतः उष्णतेने. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली जगभर हे घडले, पुन्हा २०१० साली, पुन्हा २०१४ ते २०१७ या काळात, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक फटक्याची घोषणा केली. वर्तमानपत्रात मी हे आधीही वाचले असेन. पण अंश-दीड अंश म्हणजे किती, हे माझ्या वहीतल्या तापमानाच्या रकान्याने मला शिकवले.

दुसरी चूक स्वच्छतेची. नायट्रेटचा आकडा दहा होता. आकडा शून्यावर आणला की काम चोख, अशी माझी समजूत. गाळणी धुतली, पाणी दुप्पट बदलले, आकडा शून्य केला. अळंब्या पुन्हा आकसल्या. कारण साधे होते. त्यांच्या आतल्या शेवाळाला थोडे खत लागते. फार निर्मळ पाणी म्हणजे त्यांच्यासाठी रिकामे कोठार. पाच ते दहाच्या दरम्यान आकडा ठेवला तर त्या फुलून येतात. खात्यात थोडी शिल्लक ठेवावी, हे मी चौतीस वर्षे लोकांना सांगत होतो आणि घरी स्वतःच विसरलो होतो.

तिसरी चूक सांगताना अजून संकोच वाटतो. टाकीतले पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. आमच्याकडे मे महिन्यात दिवसाला दोन लिटर उडते. पाच दिवस पाणी घातलेच नाही तर पस्तीसाचा खारेपणा साडेसदतीसवर जातो. म्हणून उडालेल्या पाण्याइतके गोडे पाणी रोज घालायचे, तेही नळाचे नव्हे, यंत्रातून पूर्ण शुद्ध केलेले. एवढे शुद्ध पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवायचे माझ्या जिवावर आले. माळ्यावर आईचा तांब्याचा हंडा होता. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्रकृतीला चांगले, हे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. चिंचेने घासून लखलखीत केला आणि त्यात पाणी भरून ठेवू लागलो.

तांबे माणसाला मानवत असेल, पण बिनकण्याच्या समुद्री जीवांना अत्यल्प प्रमाणातही ते विष आहे. त्यातून असे क्षारहीन पाणी भांड्याचा धातू लवकर उचलते. दहा दिवसांत सगळ्या अळंब्या चुरगळलेल्या कागदासारख्या झाल्या, अंगातून चिकट स्राव सोडू लागल्या. एक खडक सोडून पाण्यात भिरभिरू लागली. मुलाने फोनवर एकच प्रश्न विचारला, "पाणी कशात ठेवता?" मी हंडा म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो शांतपणे म्हणाला, "हरकत नाही, रोज थोडं थोडं पाणी बदला, कोळशाची पिशवी ठेवा." आठवडाभर बदलले. सातांपैकी दोन गेल्या. हंडा पुन्हा माळ्यावर गेला. ठेवीतली रक्कम आपल्या हातून कमी झाल्याची नोंद मी वहीत तारखेसह केली आणि खाली सही केली.

सुटलेली ती एक मात्र वाचली. अशी सुटलेली अळंबी खडकाला जबरदस्तीने चिकटवायची नसते. तळाशी बारीक दगडांच्या वाटीत, पाणी संथ असेल अशा जागी तिला ठेवायचे, वर जाळी घालायची आणि वाट पाहायची. पंधरा-वीस दिवसांत ती आपणहून एखादा दगड धरते. मला काही करू नये लागले हेच सर्वात अवघड गेले.

त्यानंतर मी एक नियम केला. सकाळी आकडे घ्यायचे, संध्याकाळी पाच मिनिटे नुसते बसून पाहायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट थोडीशीच बदलायची. पाणी भरायचे कामही माझ्याकडून काढून घेतले. संडासाच्या टाकीत असतो तसला तरंगता गोळा मुलाने पाठवून दिला. पातळी उतरली की झडप उघडते, भरली की मिटते. तो बसवताना मला आमच्या धरणाचे पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आठवले. पाणी ठरल्या पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. लहानपणी ते उघडले की आम्ही पोरे पावसात पळत जायचो. माझा गोळा उलटे काम करतो एवढेच.

दिवाळीच्या सुटीत मोठ्या मुलाकडची नात आली. ती मालवणला जाऊन आली होती, तोंडात नळी धरून पाण्याखाली प्रवाळ पाहून आली होती. तिने विचारले, "आजोबा, तिकडे एवढं आहे, त्यातलं एक छोटंसं आणायचं ना!" आमच्या पिढीने नऊ-दहा वर्षांच्या वयात पाहिला तो तारापोरवाला मत्स्यालयातला काचेमागचा समुद्र. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या त्या मत्स्यालयासमोर मी वडिलांचे बोट धरून उभा होतो आणि हेच मागितले होते. तेव्हा वडील 'चल पुढे' म्हणाले. आता मला नीट उत्तर देणे भाग होते.

मी तिला सांगितले की मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय २००१ पासून आपल्या देशात घर बांधणारी सगळी दगडी प्रवाळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून जिवंत खडक उचलून आणणेही त्यात येते, कारण तो खडक म्हणजे प्रवाळच. आपल्या टाकीतले खडक सिमेंट-चिनीमातीचे, माणसाने घडवलेले. आणि अळंब्या पुण्याच्या एका हौशी गृहस्थाने स्वतःच्या टाकीत वाढवून दिलेल्या. धारदार पात्याने एकीचे चार तुकडे केले तर काही आठवड्यांत चार अळंब्या होतात. ज्याला अशी वाढवून मिळते त्याने समुद्रात हात घालायचे कारण काय? विकत घेणाऱ्याने 'हे कुठून आले' असे विचारावे आणि दुकानदार गुळमुळीत बोलला तर पाठ फिरवावी. तारण कुठून आले हे न विचारता कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याचे पुढे काय होते, ते मी पाहिले आहे.

तिला आणखी एक गंमत सांगितली. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली प्रवाळाचे एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. "एवढ्या बदल्या झाल्या, पण त्या बँकेत काही माझी नेमणूक झाली नाही," असे मी म्हणालो. नात हसली. आजी हसली नाही. तिने हा विनोद आधी ऐकलेला आहे.

खरी परीक्षा गेल्या मे महिन्यात झाली. धरण तळाला गेले होते, कांबऱ्याचे पाण्यात बुडालेले देऊळ उघडे पडले होते आणि माणसे ते पाहायला जात होती. एका संध्याकाळी वळीव आला. वाऱ्याने झाड तारांवर पडले आणि वीज गेली. इन्व्हर्टर रात्री अकराला संपला. पाणी फिरायचे थांबले की त्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. पंखा थांबला की पाणी तापते. साडेसव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. साडेअकराला अठ्ठावीसच्या पुढे गेले. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप सुरू केला. माझे हात कापत होते.

तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सूत्रे हाती घेतली. "अहो, बर्फ नका टाकू आत, पाणी पातळ होईल," हे त्यांनीच सांगितले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला उठवून त्याच्या आइस्क्रीमच्या पेटीतून थंडगार पाण्याच्या बंद बाटल्या आणल्या. एक बाटली पाण्यात सोडायची, वीस मिनिटांनी काढायची, मग दुसरी. एकदम थंड केले तरी धक्का बसतो. आणि त्या टाकीशी स्टूल घेऊन बसल्या, विणलेला पंखा हातात. वाळ्याच्या पंख्याने लेकरांना वारा घालावा तसा पाण्यावर वारा घालत राहिल्या. मी कंदील धरून दर अर्ध्या तासाला आकडा लिहीत होतो. पहाटे चारला सव्वीस. सकाळी नऊला वीज आली. पाची अळंब्या मिटलेल्या होत्या, पण खडकाला धरून होत्या. दुपारी एकेक करून उघडल्या. त्या दिवशी वहीत सही त्यांची आहे.

आता थोडे वाढीविषयी. पाचाच्या आज एकोणीस झाल्या आहेत. अळंबी सरकत सरकत जाते, मागे पायाचा तुकडा राहतो, त्यातून नवी उगवते. कधी एकीला दोन तोंडे फुटतात आणि ती मधून दुभंगते. व्याज पाहून आनंद होतो, पण या व्याजाचीही दुसरी बाजू आहे. प्रशांत महासागरात पालमायरा नावाचे प्रवाळबेट आहे. तिथे १९९१ साली मासेमारीचे एक जहाज खडकावर चढून फुटले. गंजणाऱ्या त्या सांगाड्याभोवती मश्रूमची एक जात अशी माजली की पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत तिने दगडी प्रवाळाचा विस्तीर्ण पट्टा झाकून टाकला. लोखंडाने तिला बळ मिळाले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. शेवटी २०१३ साली ते जहाज तुकडे करून काढावे लागले. म्हणून टाकीतही या अळंब्या दगडी प्रवाळाला खेटून ठेवत नाहीत. त्या शेजाऱ्याला झाकतात, पोळतात. निरोगी असणे म्हणजे नुसते वाढत राहणे नव्हे.

धाकट्याचा मुक्काम आणखी तीन वर्षांनी वाढला. फोनवर नात मध्येच तोंड घालून म्हणाली, "आजोबा, मग त्यांना समुद्रात सोडून द्या ना!" मी तिला पालमायराची गोष्ट सांगितली. घरात वाढवलेला जीव समुद्रात सोडणे ही दया नव्हे. कुठून कुठला रोग, कुठली जात नेऊन टाकू याचा हिशेब आपल्याकडे नसतो. घरात घेतले त्याचे शेवटपर्यंत करायचे.

पण कुणाच्या शेवटपर्यंत? तुटून-फुटून वाढणाऱ्या या जीवाला आपल्यासारखे ठरलेले म्हातारपण असल्याचे दिसत नाही. पाणी नीट राहिले तर त्या मला पुरून उरतील. मी पासष्टीचा आहे. बँकेत खाते उघडताना मी प्रत्येकाला सांगायचो, नॉमिनीचा रकाना रिकामा ठेवू नका. लोक हसायचे, 'एवढ्यात कशाला साहेब' म्हणायचे. आता मी स्वतः त्या रकान्यासमोर बसलो होतो.

शेजारची दहावीतली मुलगी गेले वर्षभर रोज संध्याकाळी येते. आधी नुसती पाहायला यायची. मग खारेपणा मोजायला शिकली, मग माझ्या बेरजेतली एक चूक तिने काढली. तिच्या आईवडिलांशी बोलून मी वहीच्या पहिल्या पानावर, पेन्सिलीने, तिचे नाव लिहिले आहे. पेन्सिलीने अशासाठी की ती उद्या शिकायला बाहेर जाईल, तिला अडकवायचे नाही. गेली तर ती दुसरे कुणी शोधून देईन म्हणते.

काल ती आली तेव्हा पाऊस लागला होता. छत्री दाराशी ठेवत तिने विचारले, "आजोबा, किती झालं?"

मला वाटले धरणाचे विचारते आहे. मी सांगू लागलो, तर ती टाकीकडे बघत म्हणाली, "तसं नाही हो, खारेपणा."